विश्लेषण : अवकाशातला पसारा मंगळवेढ्याच्या ज्वारीत पडला तर भरपाई कोण देणार?

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी हुरड्यात आली की शेतकरी आकाशाकडे बघतो ते पाखरांसाठी. समजा, एका संध्याकाळी पाखरांऐवजी रॉकेटचा तुकडाच ज्वारीत उतरला, तर? गोफण चालणार नाही. पंचनामा तलाठ्याने करायचा की कृषी सहायकाने, यावरच दोन दिवस जातील आणि नुकसानीच्या कारणांत गारपीट, अतिवृष्टी सापडेल, ‘रॉकेट’ सापडणार नाही.

चिंता गमतीची असली, तरी अगदीच हवेतली नाही. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्रातून आकाशात जळत जाणारे गोळे दिसले. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात दोन-तीन मीटर व्यासाची धातूची कडी पडली, आसपासच्या गावांत धातूचे गोळेही सापडले. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये झेपावलेल्या चीनच्या ‘चांग झेंग ३बी’ रॉकेटचा तो तिसरा टप्पा असावा, असा अंदाज अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी वर्तवला. म्हणजे काम संपल्यावर वर्षभर ते वस्तू वरच ठेवून दिली होती.

वर पसारा किती?

युरोपीय अवकाश संस्थेच्या अंदाजानुसार एक सेंटिमीटरहून मोठे १२ लाखांवर तुकडे पृथ्वीभोवती फिरत आहेत. त्यापैकी ५० हजारांहून अधिक १० सेंटिमीटरपेक्षा मोठे आहेत. बंद पडलेले उपग्रह, रॉकेटचे रिकामे टप्पे, बोल्ट, रंगाचे पापुद्रे असा हा ऐवज. नोव्हेंबर २०२३ मध्ये स्थानकाबाहेर काम करताना अंतराळवीरांची हत्यारांची अख्खी पिशवीच निसटली आणि काही महिने पृथ्वीभोवती फिरत राहिली. खालच्या कक्षेत वेग असतो सेकंदाला सात-साडेसात किलोमीटर. या वेगाने मंगळवेढ्याहून पंढरपूर तीन-चार सेकंदांत. त्यामुळे सुटलेला नटही वर गोळीपेक्षा घातक ठरतो.

मग खरी काळजी कशाची?

डोक्यावर पडण्याची नाही. बहुतेक कचरा वातावरणात जळतो, उरलेला बराचसा समुद्रात जातो. एखाद्या ठरावीक शेतात तो पडण्याची शक्यता नगण्य. काळजी आहे ती खाली न येणाऱ्या कचऱ्याची. ६०० किलोमीटरखालचे तुकडे काही वर्षांत खाली येतात, ८०० किलोमीटरवरचे शतकभर किंवा अधिक काळ फिरत राहतात. नेमक्या याच उंचीच्या आसपास ‘इस्रो’चे रिसोर्ससॅट मालिकेतील उपग्रह फिरतात. पिकाखालील क्षेत्राचे अंदाज आणि दुष्काळाची पाहणी यांसाठी त्यांची छायाचित्रे वापरली जातात. मंगळवेढ्यासारख्या पावसाने हुलकावणी देणाऱ्या तालुक्याचा संबंध इथे येतो.

एक टक्कर हजारो तुकडे करते आणि ते तुकडे पुढच्या टकरी घडवतात, हे ‘नासा’चे डोनाल्ड केसलर यांनी १९७८ मध्येच मांडले होते. फेब्रुवारी २००९ मध्ये ‘इरिडियम ३३’ आणि बंद पडलेला रशियन ‘कॉसमॉस २२५१’ सुमारे ७९० किलोमीटरवर एकमेकांवर आदळले. आपलेही हात स्वच्छ नाहीत : २००१ मध्ये ‘पीएसएलव्ही सी३’चा चौथा टप्पा वरच फुटून तीनशेहून अधिक तुकडे झाले. आता मात्र २०३० पर्यंत सर्व भारतीय मोहिमा कचरामुक्त करण्याचे उद्दिष्ट आहे. मार्च २०२४ मध्ये ‘पोएम-३’ हा रॉकेटचा टप्पा काम झाल्यावर व्यवस्थित खाली आणून जाळण्यात आला.

आणि भरपाई?

जुलै १९७९ मध्ये ‘स्कायलॅब’ पडणार म्हणून भारतातही धास्ती होती. तुकडे पडले ते ऑस्ट्रेलियात. तिथल्या एस्परन्स गावाने कचरा टाकल्याबद्दल ‘नासा’ला ४०० डॉलरचा दंड थट्टेने ठोठावला. ‘नासा’ने तो भरला नाही. २००९ मध्ये कॅलिफोर्नियातील एका रेडिओ निवेदकाने श्रोत्यांकडून वर्गणी काढून तो चुकता केला. दामाजीपंतांचे देणे विठू महाराने भरून पावती घेतल्याची कथा ज्या गावात घरोघरी माहीत आहे, तिथे याचे फार नवल वाटू नये.

थट्टा सोडली, तर कायदा स्पष्ट आहे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जमिनीवर झालेल्या नुकसानीस यान सोडणारा देश जबाबदार असतो, चूक सिद्ध करावी लागत नाही. १९७८ मध्ये अणुभट्टी असलेला सोव्हिएत उपग्रह कॅनडात कोसळला. कॅनडाने सुमारे ६० लाख कॅनेडियन डॉलर मागितले, १९८१ मध्ये ३० लाख मिळाले. पण या कराराखाली दावा देशानेच करायचा असतो, शेतकऱ्याला परस्पर करता येत नाही. म्हणजे बांधावरचा पंचनामा तहसील, जिल्हाधिकारी, मुंबई, दिल्ली करत परदेशात जाणार, आणि त्यासाठी मुदत साधारण एक वर्षाची.

तुकडा सापडलाच, तर हात लावू नये, पोलिसांना कळवावे. टाक्यांत विषारी इंधन उरलेले असू शकते. भंगारात विकण्याचा विचारही नको : पडला आपल्या रानात, तरी मालकी सोडणाऱ्या देशाचीच राहते.