श्वसनमार्ग दाब यंत्र

श्वसनमार्ग दाब यंत्र : झोपेत घशाचा मार्ग वारंवार मिटून श्वास थांबण्याच्या विकारावर (निद्राश्वसनरोधावर) वापरावयाचे उपकरण. ‘सीपॅप’ या नावाने ते रूढ आहे. ते प्राणवायू पुरविणारे यंत्र होय, हा समज चुकीचा आहे. त्यातून खोलीतील साधी हवाच किंचित दाबाने नाकात सोडली जाते.

घशाच्या वरच्या भागास हाडाचा किंवा कूर्चेचा पुरेसा आधार नसतो. तो स्नायूंच्या ताणामुळे उघडा राहतो. झोपेत हा ताण कमी होतो. मानेभोवती चरबी साठलेली, जबडा मागे गेलेला किंवा टॉन्सिल वाढलेले असल्यास श्वास आत घेताना मऊ भिंती एकमेकींस चिकटतात. छाती हलत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू उतरतो व मेंदू रोग्यास क्षणभर जागे करतो. श्वास किमान १० सेकंद थांबण्याच्या वा क्षीण होण्याच्या घटना तासाला ३० किंवा अधिक झाल्यास विकार तीव्र समजतात. रोग्यास त्यांची आठवण राहत नाही. तक्रार बहुधा शेजारी झोपणाऱ्याची असते. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात नेहमीच्या तपासणीस आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहणी केली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीनुसार, दिवसाच्या अतिनिद्रेसह हा विकार असणाऱ्यांचे प्रमाण ७·५ टक्के होते.

पूर्वी तीव्र विकारावर गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिका उघडण्याची शस्त्रक्रिया करीत. सिडनीचे कॉलिन सलिव्हन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये पाच रोग्यांवरील दाब उपचाराचे वृत्त प्रसिद्ध केले. यंत्रातील पंखा नळी व मुखवट्यावाटे हवा ढकलतो. तिचा दाब घशाच्या भिंती आतून तोलून धरतो. पाण्याच्या स्तंभाच्या ४ ते २० सेंमी. इतका दाब वापरतात, १० सेंमी. म्हणजे वातावरणीय दाबाच्या केवळ एक टक्का. उच्छ्वासातील हवा मुखवट्याच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडते. गळती समजून ती बुजवू नयेत.

हे यंत्र विकार बरा करीत नाही. मुखवटा काढताच घसा पुन्हा मिटू लागतो. त्यामुळे यंत्र घेण्यापेक्षा ते रोज लावणे अवघड ठरते. भारतासह सात देशांतील २,७१७ हृद्‌रोगी व पक्षाघातग्रस्त रोग्यांवरील, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सरासरी वापर रात्री ३·३ तासच होता. दिवसाची झोपाळूपणाची तक्रार कमी झाली, पण हृदयविकाराचे व पक्षाघाताचे झटके कमी झाले नाहीत. अपुरा वापर हे त्याचे एक कारण असावे.

अंबरनाथजवळील मोरिवलीसारख्या औद्योगिक भागात रात्रपाळी करणाऱ्याने दिवसाच्या झोपेतही यंत्र लावणे आवश्यक असते. धुळीच्या जागी गाळणी वरचेवर बदलावी लागते. नाक व तोंड दोन्ही झाकणाऱ्या मुखवट्यास सुरक्षा झडप असते. वीज गेल्यास ती उघडून बाहेरची हवा आत येऊ देते.