कॅमेऱ्याची कावीळ

कावीळ झालेल्याला सारे जग पिवळे दिसते, असे आपण म्हणतो. व्हिडिओ कॅमेऱ्याच्या बाबतीत हे अक्षरशः खरे आहे. जुन्या तारेच्या बल्बखाली त्याला कावीळ होते, तर दुपारच्या सावलीत तो निळा पडतो. आपल्या डोळ्यांचे तसे होत नाही. पांढरे धोतर उन्हात पाहा वा दिव्याखाली पाहा, ते पांढरेच वाटते; कारण प्रकाशाचा रंग मेंदू परस्पर वजा करतो. कॅमेऱ्याला मात्र ‘हे पांढरे’ असे सांगावे लागते. ते कसे सांगतात, हे मी सुट्टीत मामांच्या हाताखाली शिकलो. मामा लग्नसमारंभांचे चित्रीकरण करतात.

त्यांच्या खांद्यावरच्या कॅमेऱ्यात तीन चिप आहेत. भिंगातून आलेला प्रकाश आतील लोलक लाल, हिरवा आणि निळा असा विभागतो व प्रत्येक भाग आपापल्या चिपवर पडतो. स्टुडिओतील अनेक कॅमेऱ्यांची रचना आजही अशीच असते. तिन्ही चिपांचे संदेश सारखे आले की चित्रात पांढरा किंवा करडा रंग उमटतो. तेव्हा रंग जुळवणे म्हणजे रंगहीन वस्तूसाठी हे तीन संदेश समान करणे, एवढेच.

यात क्रमाला महत्त्व आहे. प्रथम मॉनिटर रंगपट्ट्यांवर जुळवावा. ज्या पडद्याकडे पाहून आपण निर्णय घेणार तोच खोटा असेल, तर पुढची मेहनत व्यर्थ! कॅमेरा थोडा तापू द्यावा. मग भिंगाचे तोंड बंद करून काळा रंग साधावा. प्रकाश मुळीच नसताना तिन्ही चिपांनी सारखेच मौन पाळले पाहिजे. नाहीतर सावल्यांना रंग चढतो.

त्यानंतर भिंग. चाकाच्या आऱ्यांसारख्या रेघा काढलेला तक्ता काही अंतरावर लावतात आणि भिंगाचे छिद्र पूर्ण उघडतात. झूम पूर्ण जवळ आणून पुढच्या कड्याने चित्र स्पष्ट करायचे. मग झूम पूर्ण लांब नेऊन मागच्या कड्याने स्पष्ट करायचे. दोन्ही टोकांना चित्र स्पष्ट राहीपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे लागते. रंगाच्या दृष्टीनेही प्रत्येक भिंगाची काच वेगळी. म्हणून भिंग बदलले की पांढरा रंग नव्याने साधायचा.

त्यासाठी प्रत्यक्ष चित्रीकरणाच्याच उजेडात पांढरा कागद धरतात. बल्बचा प्रकाश सुमारे ३२०० केल्विन, तर दिवसाचा ५६०० केल्विन धरला जातो. कागद फार उजळ नसावा. चिप भरून वाहू लागली, तर तिचे माप चुकते. हळदीच्या कार्यक्रमात हे काम कॅमेऱ्याच्या स्वयंचलित यंत्रणेवर सोपवू नये. हळद, झेंडू, पिवळी लुगडी पाहून ती प्रकाशच पिवळा समजते आणि सारे चित्र निळसर करते. हळदच पुसली गेली, तर हळदीचे चित्रीकरण ते कसले?

शेवटी तपासणी. १९७६ साली मॅकबेथ कंपनीचा चोवीस चौकोनांचा रंगतक्ता आला. त्याच्या खालच्या ओळीत पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सहा पायऱ्या आहेत. त्यांत कोठेही रंगाची छटा दिसता कामा नये. वरचे पहिले दोन चौकोन मात्र त्वचेचे आहेत : एक सावळा, एक गोरा.

येथे खरा प्रश्न सुरू होतो. मामांना हमखास सांगितले जाते, “नवरी जरा उजळ दाखवा हं!” ही खोड केवळ आपलीच नाही. छायाचित्रे छापणाऱ्या प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी कोडॅक कंपनी एका गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र पुरवीत असे. ‘शर्ली कार्ड’ या नावाने ते प्रसिद्ध झाले. तिचा चेहरा बरोबर छापला गेला की काम झाले. काळ्या माणसांचे चेहरे अंधारात बुडत, त्याची दखल दीर्घकाळ घेतली गेली नाही.

व्हेक्टरस्कोप नावाचे यंत्र याबाबतीत निःपक्षपाती आहे. त्याच्या गोल पडद्यावर रंगाची जात कोनाने आणि गडदपणा केंद्रापासूनच्या अंतराने कळतो. त्यावर त्वचेची एक रेघ असते. गोरा, सावळा, काळा, कोणाचाही चेहरा धरा. रंग नीट जुळवलेले असतील तर ठिपके त्या एकाच रेघेच्या आसपास पडतात. त्वचेचा रंग सर्वांच्याच ठायी रक्त आणि मेलॅनिन यांपासून येतो. फरक पडतो तो मुख्यतः उजळपणात.

म्हणून मामांचा नियम असा, की सावळ्या चेहऱ्यावर उजेड वाढवावा, पण रंगाला हात लावू नये. उजेड नीट पडला की डोळ्यांतले पाणी, नथीची सावली, गालावरची लाली असे सारे दिसते. पांढरेपणा चढवला की नेमके तेच पुसले जाते. पुढे आपल्या स्नेहसंमेलनाचे चित्रीकरण करताना कॅमेऱ्याला पांढरा कागद जरूर दाखवा, मित्रहो. पण गोरेपणाचा आग्रह मात्र त्याला शिकवू नका.