मोठा पडदा हवा, की जुना संगणक?

दुपारचे जेवण आटोपले आहे. जेवणाच्याच टेबलावर लॅपटॉप उघडून आजोबा बँकेचे खाते पाहत आहेत. पाठ वाकलेली, हनुवटी पुढे आलेली, चष्मा कधी नाकावर तर कधी कपाळावर. पंधरा मिनिटांत मान आखडते, डोळे चुरचुरू लागतात आणि ‘राहू दे, संध्याकाळी मुलगा आला की तोच करील,’ असे म्हणत ते झाकण मिटतात.

हे दृश्य आपल्या घरातील असेल, तर ते किरकोळ समजू नका. स्वतःचे खाते स्वतः पाहणे, निवृत्तिवेतनासाठी हयातीच्या दाखल्याची चौकशी करणे, दूरदेशीच्या नातवंडांचा चेहरा पाहत बोलणे, या गोष्टी उतारवयातील स्वावलंबनाच्या खुणा आहेत. दुखण्यापायी त्या एकेक करून दुसऱ्याच्या हाती जाऊ लागल्या, की मनही मागे सरू लागते.

अशा वेळी घरात दोन सूचना पुढे येतात. एक म्हणजे, लॅपटॉपला जोडण्यासाठी मोठा मॉनिटर घ्यावा. दुसरी म्हणजे, एखाद्या कार्यालयातून निघालेला जुना डेस्कटॉप स्वस्तात मिळतो आहे, तोच आणावा. त्यात पडदा, कळफलक, माउस सारेच आले. यांतून निवड कशी करावी?

आधी डोळे, मग यंत्र

कोणतीही खरेदी करण्यापूर्वी नेत्रतपासणी करून घ्या. अक्षरे पुसट दिसण्याचे कारण लहान पडदा नसून वाढता मोतीबिंदू असू शकतो. त्यावर मोठा मॉनिटर हा उपाय नव्हे. मधुमेह असल्यास दृष्टिपटलाची तपासणी वर्षातून एकदा व्हायलाच हवी. सरळ रेषा वाकड्या दिसू लागल्या किंवा मधोमध काळा डाग जाणवला, तर विलंब न लावता नेत्रतज्ज्ञांकडे जा.

चष्म्याचेही तसेच आहे. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचे पाहण्याचा भाग खाली असतो. त्यातून पडदा वाचण्यासाठी हनुवटी उचलावी लागते आणि मानेच्या मागच्या बाजूस ताण येतो. डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचे अंतर टेपने मोजून ते तपासणीच्या वेळी सांगा. तेवढ्याच अंतरासाठी वेगळा चष्मा करून घेतला, तर अनेकांची मानदुखी बरीच हलकी होते.

लॅपटॉपचा मूळ दोष

लॅपटॉपमध्ये पडदा आणि कळफलक एकमेकांना जोडलेले असतात. हात सुखात ठेवावेत, तर पडदा फार खाली जातो. पडदा वर उचलावा, तर हात अवघडतात. माणसाचे डोके साधारणतः पाच किलो वजनाचे असते. ते पुढे झुकले, की हा भार मानेच्या स्नायूंना तोलून धरावा लागतो. शिवाय एकटक पाहताना पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात. म्हणून पडदा आणि कळफलक वेगळे करणे हाच खरा उपाय आहे. मॉनिटर आणि डेस्कटॉप हे दोन्ही पर्याय तो साधतात. फरक पुढे आहे.

मॉनिटर घेताना

घरातील लॅपटॉप नीट चालत असेल, तर मॉनिटर हा सरळ मार्ग होय. फायली, छायाचित्रे, परिचित मांडणी यांतले काहीच बदलत नाही. वीज गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीमुळे अर्धवट काम वाया जात नाही.

मात्र पडदा मोठा म्हणजे अक्षर मोठे, असे आपोआप होत नाही. मोठा पडदा आपण थोडा लांब ठेवतो, त्यामुळे फायदा अंशतः कमी होतो. म्हणून विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘डिस्प्ले’खाली ‘स्केल’ हा पर्याय शोधा आणि आकार १२५ किंवा १५० टक्के करा. घरच्या वापरासाठी २४ इंची पडदा पुरतो. नजर अधूच असेल, तर २७ इंचीचा विचार करावा.

दुकानात जाण्यापूर्वी लॅपटॉपला एचडीएमआयची खाच आहे का, ते पाहा. केवळ यूएसबी-सी असेल, तर तिच्यातून चित्र बाहेर जाते का, याची खात्री करून घ्या. प्रत्येक लॅपटॉपमध्ये ती सोय नसते. वेगळा कळफलक आणि माउसही लागेल, तो खर्च हिशेबात धरा.

एक अडचण हमखास येते. दोन पडदे सुरू राहिले, की माउसचा बाण दुसऱ्या पडद्यावर निघून जातो आणि ज्येष्ठ व्यक्ती गोंधळते. विंडोजची कळ दाबून धरून ‘पी’ दाबा आणि केवळ दुसरा पडदा सुरू ठेवण्याचा पर्याय निवडा.

पैसे खर्च करण्याआधी एक प्रयोग करता येईल. एचडीएमआयच्या वायरीने लॅपटॉप घरच्या दूरदर्शन संचाला जोडून पाहा. मोठ्या अक्षरांनी खरोखर आराम वाटतो का, हे एका दुपारीच कळेल.

जुना डेस्कटॉप घेताना

घरात लॅपटॉपच नसेल, किंवा नोकरीत आयुष्यभर डेस्कटॉपवर काम केल्याने तोच हाताला सरावाचा असेल, तर हा पर्याय वावगा नाही. त्याची एक जागा ठरलेली असते, आणि ठरलेली जागा स्मरणाला मदत करते.

पण स्वस्ताईच्या पोटात धोका दडलेला असू शकतो. विंडोज १० ला मिळणारा नियमित मोफत सुरक्षा-आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. साधारणतः २०१८ पूर्वीच्या बहुतेक संगणकांवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करणे म्हणजे कडी नसलेल्या दारामागे तिजोरी ठेवणे होय. हीच कसोटी घरच्या जुन्या लॅपटॉपलाही लावा.

विक्रेत्याला विचारा: विंडोज ११ अधिकृतपणे चालते का? आधीच्या मालकाचे सारे पुसून प्रणाली नव्याने बसवली आहे का? हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आहे का? यंत्र सुरू करून पाहा. पंखा घरघरत असेल, पडदा लुकलुकत असेल, तर नाही म्हणा. वीज जाण्याचा त्रास असलेल्या भागात यूपीएसचा खर्च वेगळा येतो.

निवड कशी कराल?

लॅपटॉप सुस्थितीत आणि सुरक्षा-आधार असलेला असेल, तर मॉनिटर घ्या. लॅपटॉप नसेल आणि डेस्कटॉप वरच्या प्रश्नांना उतरत असेल, तर तो घ्या. उतरत नसेल, तर फुकट मिळाला तरी बँकेच्या कामासाठी वापरू नका. दुरुस्तीसाठी हाकेच्या अंतरावर कोणी आहे का, हेही पाहा.

मांडणी अशी ठेवा

• पडदा हातभर, म्हणजे ५० ते ७० सेंटिमीटर अंतरावर असावा. त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत किंवा किंचित खाली असावी. प्रोग्रेसिव्ह चष्मा असल्यास आणखी थोडी खाली.
• खिडकी पडद्याच्या मागे किंवा समोर नको, बाजूला असावी.
• कोपरे काटकोनात, पाठीला आधार. पाय टेकत नसतील, तर खाली पाट ठेवा.
• दर वीस मिनिटांनी वीस फूट दूर वीस सेकंद पाहा आणि पापण्या मिटा. अर्ध्या तासाने उठून चार पावले चाला.
• वायरी भिंतीलगत बांधून टाका. वायरीत पाय अडकून झालेले पडणे मानदुखीपेक्षा फार महाग पडते.
• फोनवर कोणी पडदा ‘शेअर’ करायला सांगितला, तर फोन ठेवा. पैसे गेल्यास लगेच १९३० वर कळवा.

शेवटी एक विनंती, शुश्रूषा करणाऱ्या मुला-सुनांना. यंत्र आणण्यापूर्वी, ज्यांच्यासाठी ते आणायचे त्यांना शेजारी बसवून विचारा. जोडणी झाल्यावर पहिले काम त्यांच्याच हातून होऊ द्या, वेळ लागला तरी. मोठ्या पडद्यावर आपल्या खात्यातील आकडा चष्मा न चाचपता वाचता येतो, तेव्हा ‘संध्याकाळी मुलगा करील’ हे वाक्य आपोआप मागे पडते.