द्रव्यनाम आणि भाषाविचार : कर्जत-खालापूरच्या निमित्ताने

कर्जत आणि खालापूर तालुक्यांच्या रानात 'कुडा' या एका शब्दाखाली तीन वृक्ष वावरतात. पांढरा कुडा, काळा कुडा आणि नागलकुडा. तिघांची फुले पांढरी, तिघांनाही चीक, आणि आधुनिक वनस्पतिशास्त्रानुसार तिघेही एकाच कुळातले. ग्रंथोक्त कुटज म्हणून आज मान्य असलेला तो पांढरा कुडा, म्हणजे होलॅर्हिना प्यूबेसेन्स. त्याची साल व बी अत्यंत कडू. बियांना आपण कडू इंद्रजव म्हणतो. काळा कुडा म्हणजे राइटिया टिंक्टोरिया. त्याच्या बियांना बाजारात गोडा इंद्रजव हे नाव आहे आणि सालीत कुटजाचा तो तीव्र कडवटपणा नाही. साल सोलून, वाळवून, पोत्यात भरून आली की दोघांतील भेद सहजी कळत नाही. अतिसार-प्रवाहिकेच्या रुग्णास दिलेले कुटजारिष्ट किंवा कुटजघनवटी अपेक्षित गुण का देत नाही, या प्रश्नाचे उत्तर अनेकदा त्या पोत्यात असते.

आपण हा प्रश्न भेसळीचा मानतो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो पुष्कळ अंशी भाषेचा आहे. औषधनिर्माता मागणीपत्रावर 'कुडा साल' एवढेच लिहितो. शहरातला व्यापारी तो शब्द गावातल्या गोळा करणाऱ्यापर्यंत पोहोचवतो. गोळा करणारा ठाकर वा कातकरी असतो. त्याच्या बोलीत या झाडांना स्वतंत्र ओळख आहे, पण त्याला विचारले गेले आहे 'कुडा', आणि जे आणले तेही कुडाच आहे. या साखळीत खोटे कोणीच बोललेले नसते. शब्द मात्र वाटेत रिकामा झालेला असतो.

आपल्या ग्रंथकारांना ही अडचण पूर्ण ठाऊक होती. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या प्रारंभीच शेळ्या-मेंढ्या राखणारे, गोपाळ आणि इतर वनवासी यांना औषधींचे नाव व रूप जाणणारे म्हटले आहे, आणि केवळ नाम-रूप जाणल्याने योगज्ञान होत नाही हेही त्याच ठिकाणी बजावले आहे. आपण बहुधा या विधानाचा उत्तरार्ध अध्यापनात सांगतो आणि पूर्वार्ध सोडून देतो. कल्पस्थानातील वत्सककल्पात कुटजाचे पुरुष आणि स्त्री असे दोन भेद फूल, फळ व पानावरून सांगितले आहेत. म्हणजे आज 'पांढरा' आणि 'काळा' या विशेषणांनी जे काम होते, ते तेथे लिंगभेदाच्या रूपकाने केले आहे.

राजनिघंटुकार नरहरी पंडितांचे ऋण तर मराठी वैद्याने विशेषच मानले पाहिजे. द्रव्यांना नावे कशी पडतात याची सात कारणे ते सांगतात : रूढी, प्रभाव, देश्योक्ती म्हणजे त्या त्या प्रदेशाची बोली, लांछन, उपमा, वीर्य आणि अन्य देशादिकांवरून आलेले नाव. शिवाय आपण नामांचे स्पष्टीकरण कर्णाट व महाराष्ट्रीय भाषेत केले आहे, असेही ते नमूद करतात. आजच्या भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने ही सात कारणे वाचली तर ती त्याला परकी वाटणार नाहीत. आपल्या रानातली उदाहरणे घेऊन पाहावे. मुरुडशेंग या नावात शेंगेचा पीळही आहे आणि पोटातील मुरडाही आहे. लांछन आणि प्रभाव एकाच शब्दात. कळलावी हे नाव तर संस्कृत 'गर्भनुत्'चा जणू मराठी अनुवादच. ग्रंथाने जे सांगितले तेच गावाने आपल्या शब्दात जपले. (भांडणे लावणाऱ्यास मराठीत कळलाव्या म्हणतात, हा योगायोग विद्यार्थ्यांना सांगावा, मग त्या कंदाचे विषत्व ते विसरत नाहीत.)

भाषा जाणणारे आणि औषधी जाणणारे एकत्र बसले तर काय निष्पन्न होते, याचे कोकणी वैद्यांशी निगडित असे एक थोर उदाहरण इतिहासात आहे. सतराव्या शतकात कोचीन येथे डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीडे याने मलबारच्या वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध करविला. 'हॉर्टस मलाबारिकस' या नावाने तो १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅम्स्टरडॅम येथे बारा खंडांत छापला गेला. त्यात ७४२ वनस्पतींची वर्णने आहेत. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याने ज्ञान पुरविले आणि रंगभट, विनायक पंडित व आपुभट या तीन कोकणी वैद्यांनी ते पडताळले. त्यांचे १६७५ सालचे कोकणी भाषेतील, नागरी लिपीतील प्रमाणपत्र ग्रंथाच्या पहिल्या खंडात मुद्रित आहे. दुभाष्यांनी मजकूर मल्याळीतून पोर्तुगीजमध्ये नेला आणि पुढे तो लॅटिनमध्ये आला. चित्रफलकांवर नावे कोरली गेली ती रोमन, मल्याळी, अरबी आणि नागरी अशा लिप्यांत. आज साडेतीनशे वर्षांनी एखाद्या नावाविषयी शंका आली तर आपण त्या फलकापर्यंत मागे जाऊ शकतो. वैद्य, चित्रकार, दुभाषी, वनस्पतिज्ञ यांपैकी एक जरी त्या बैठकीत नसता तरी हे शक्य झाले नसते.

आपल्या व्यवसायालाही संमेलनांची परंपरा आहे. चरकाने विमानस्थानात तद्विद्यसंभाषेचे संधाय व विगृह्य असे दोन प्रकार वर्णिले, आणि अर्वाचीन काळात वैद्य शंकर दाजीशास्त्री पदे यांनी १९०७ मध्ये अखिल भारतीय वैद्यसंमेलनाचा पाया घातला. तथापि 'तद्विद्य' या शब्दाचा अर्थ आपण फार आखडून घेतला. गेल्या वीस वर्षांत ज्या चर्चासत्रांना जाण्याचा योग आला, त्यांत वनस्पतिशास्त्रज्ञ होते, रसायनशास्त्रज्ञ होते, क्वचित कायदेतज्ज्ञही होते. भाषेचा अभ्यासक मात्र एकदाच दिसला. त्याचा निबंध भोजनोत्तर सत्रात होता आणि अध्यक्षांनी वेळेअभावी प्रश्नोत्तरे रद्द केली.

अन्यत्र चित्र बदलले आहे. लोकवनस्पतिविद्या व तत्सम विषयांची चौथी आंतरराष्ट्रीय परिषद १९९४ मध्ये आपल्याच देशात, लखनऊ येथे राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत भरली होती. १९९६ मध्ये अमेरिकेतील बर्कले येथे भाषाशास्त्रज्ञ, मानववंशशास्त्रज्ञ व पर्यावरणशास्त्रज्ञ एकत्र आले; संकटग्रस्त भाषा, संकटग्रस्त ज्ञान आणि संकटग्रस्त पर्यावरण हा एकच विषय होय, हे त्या सभेचे सूत्र होते. डॉ. गणेश देवी यांच्या पुढाकाराने २०१० मध्ये बडोदा येथे भाषकांचा मेळावा झाला व त्यातून भारतीय भाषांचे लोकसर्वेक्षण उभे राहिले. त्याचा महाराष्ट्र खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण केले. शब्द गावागणिक कसा पालटतो हे नकाशावर दाखविण्याची पद्धत या अभ्यासकांपाशी तयार आहे. 'कुडा', 'ब्राह्मी', 'पहाडवेल' या शब्दांचा असा नकाशा आपण त्यांच्याकडे कधी मागितलेला नाही.

या विषयात २०२१ साली ज्यूरिक विद्यापीठातील कामारा-लेरेट व बास्कॉम्प्टे यांनी प्रसिद्ध केलेला निबंध वैद्यांनी अवश्य वाचावा. उत्तर अमेरिका, वायव्य अ‍ॅमेझॉन व न्यू गिनी येथील २३६ भाषांतून वनस्पतींच्या १२,४९५ औषधी उपयोगांची त्यांनी छाननी केली. त्यांतील पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक उपयोग केवळ एकाच भाषेच्या समाजाला ठाऊक होते. भारत त्या अभ्यासात नाही आणि ते आकडे जसेच्या तसे येथे लावणे अशास्त्रीय ठरेल. परंतु रान शिल्लक असतानाही त्याचा उपयोग सांगणारी भाषा नष्ट होऊ शकते, ही गोष्ट त्यातून स्पष्ट होते.

आता आपल्या दोन तालुक्यांकडे वळू. येथील कातकरी समाजाचे नावच एका औषधी द्रव्यावरून पडले आहे. खैराचे लाकूड उकळून कात काढणारे ते कातकरी वा काथोडी. कुष्ठघ्न द्रव्यांत अग्रणी मानलेला खदिर, आपली खदिरादी वटी आणि खदिरारिष्ट, हे सारे ज्यांच्या कुलनामात सामावले आहे त्या समाजाला जंगलाचे निर्बंध आल्यावर तो व्यवसाय सोडून कोळसा-भट्ट्या आणि पुढे वीटभट्ट्यांकडे वळावे लागले. आज महाराष्ट्रातील अतिअसुरक्षित आदिम गटांत कोलाम व माडिया गोंड यांच्यासह कातकरींची गणना होते. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) कातकरी बोलीची नोंद आहे. वेलिंग यांचा कातकरींवरील ग्रंथ १९३४ चा, आणि ल. ना. चापेकर यांचा सह्याद्रीतील ठाकरांवरील ग्रंथ १९६० चा. म्हणजे साधनसामग्रीचा अगदीच अभाव नाही; वैद्याच्या प्रश्नांनिशी ती कोणी चाळलेली नाही.

आणि प्रश्न पुष्कळ आहेत. पावसाळ्याच्या तोंडी कर्जत स्थानकाबाहेर आदिवासी भगिनी फोडशीच्या जुड्या घेऊन बसतात. कोणी तिला कुलू म्हणतात. ही क्लोरोफायटम प्रजातीची भाजी, म्हणजे आपण ज्या सफेद मुसळीचे मूळ मोठ्या दराने खरेदी करतो तिचेच गणगोत. शेवळे शिजविताना त्यात काकड का घालावयाचे, हे येथील प्रत्येक गृहिणी जाणते : घशाची खाज निवारण्यासाठी. सुरणाच्या कुळातील भाजी आणि तिचा प्रतियोगी आम्ल पदार्थ, ही जोडी संस्कार व संयोगाचे जिवंत उदाहरण आहे. वाराहीकंद म्हणून ओळखला जाणारा कडू करांदा कातकरी खातात तो कडूपणा काढूनच. त्या कृतीतील प्रत्येक पायरीला त्यांच्या बोलीत क्रियापद असणार. शोधनाचा अभ्यास करणाऱ्याने ती क्रियापदे गोळा केली पाहिजेत. नुसत्या झाडांच्या नावांची यादी करून भागणार नाही.

येथे एक व्यावहारिक मुद्दा येतो, जो आयोजकांच्या ध्यानात येत नाही. आपली चर्चासत्रे जानेवारी-फेब्रुवारीत भरतात, कारण महाविद्यालयांना ते सोयीचे. त्या दिवसांत कातकरी कुटुंबे वाडी सोडून भट्टीवर गेलेली असतात, आणि बहुतेक कंद व वर्षायू वनस्पती जमिनीवरून नाहीशा झालेल्या असतात. जाणकार नाही, वनस्पती नाही, आणि सभागृह मात्र भरलेले! भाद्रपदात, पाऊस ओसरू लागल्यावर, लोक घरी असतात आणि रान बोलके असते.

उशीर किती महाग पडतो हे या परिसराने पाहिले आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह हाती लागले आणि सत्तावन्न जण बेपत्ता राहिले. ठाकरांची वाडी होती ती. त्या माणसांच्या जाण्याचे दुःख ज्ञानाच्या हिशेबात मांडणे योग्य नव्हे. त्यांच्यातील वडीलधाऱ्यांना जे विचारावयाचे होते ते आता विचारता येणार नाही, एवढेच येथे लिहितो.

असा मेळावा आपल्या संघटनेने कर्जत येथे घ्यावा, असा प्रस्ताव आहे. निबंधवाचन कमी असावे. सकाळी रानात फिरणे, दुपारी एकेका द्रव्यावर बैठक. ठाकर व कातकरी जाणकार मंचावर, श्रोत्यांत नव्हे. आणि त्यांना त्या दिवसाची मजुरी बुडाल्याचा मोबदला आयोजकांनी आधीच ठरवून द्यावा. भाषेच्या अभ्यासकाने उच्चार ध्वनिमुद्रित करावा, वनस्पतिज्ञाने नमुना दाबून ठेवावा, वैद्याने रस चाखून नोंद करावी; आणि या तिन्ही नोंदींना एकच क्रमांक असावा. कायद्याचेही भान हवे. जैवविविधता कायदा २००२ चा. त्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध ज्ञान आणि नोंदणीकृत आयुष चिकित्सक यांना सवलत दिली आहे. कातकऱ्याच्या तोंडी असलेले ज्ञान ग्रंथबद्ध नव्हे. त्याची संमती घेणे आणि ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत त्याच्या वाडीचे नाव लागेल हे पाहणे, हे आपले काम आहे.

औषधनिर्मात्यांना मेळाव्याची वाट पाहण्याचे कारण नाही. मागणीपत्रावर यापुढे संस्कृत नाव, शास्त्रीय नाव, ज्या गावातून माल यावयाचा तेथील नाव आणि एक ओळख, असे चार रकाने असावेत. कुटजापुरते : साल जिभेवर ठेवताच कडू लागली पाहिजे, शेंगांच्या जोडीची टोके सुटी असावीत, जुळलेली नव्हेत, बीवरील केसांचा झुबका अग्रभागी असावा, काळ्या कुड्यात तो बुडाशी असतो. मेळावा ठरल्यास पहिली बैठक कुड्याचीच घ्यावी, आणि येणाऱ्या प्रत्येक औषधनिर्मात्याने आपल्या कोठारातील सालीची मूठभर पुडी सोबत आणावी.