चालू यंत्रणेतला बिघाड

वीजपुरवठ्याची दोन मॉड्यूल समांतर जोडली, की एक बंद पडले तरी काम थांबत नाही. आणि काम थांबत नसल्यामुळेच एक बंद पडल्याचे कळत नाही. समजा, प्रत्येक मॉड्यूल सरासरी १० वर्षांतून एकदा बिघडते. पहिला बिघाड एका दिवसात दुरुस्त झाला, तर त्या दिवसात दुसरेही जाण्याची शक्यता ३,६५० मध्ये एक. तोच बिघाड वर्षभर लपून राहिला, तर ती १० मध्ये एकच्या घरात जाते. जोडी मग नावापुरतीच.

नशिराबादजवळच्या भादली स्थानकावरून जाणाऱ्या जळगाव–भुसावळ लोहमार्गासारख्या वर्दळीच्या मार्गावर सिग्नलला असा लपलेला बिघाड परवडत नाही. भारतीय रेल्वेच्या ‘आयपीएस’ या एकात्मिक वीजपुरवठ्यात ११० व्होल्टची बॅटरी भरणारी चार्जर मॉड्यूल गरजेपेक्षा एक जास्त ठेवून समांतर चालवतात. बॅटरी बरीच उतरली की स्टेशन मास्तरांसमोरच्या पॅनेलवर जनरेटर लावण्याचा इशारा येतो. यंत्रणा चालू असून आतला एखादा भाग बिघडला, तर त्यासाठी वेगळा इशारा असतो: ‘एस अँड टी’ (सिग्नल व दूरसंचार) कर्मचाऱ्यांना बोलवा.

हा इशारा द्यायचा कशावरून? सर्व मॉड्यूल जिला जोडलेली असतात त्या सामाईक पट्टीवर, म्हणजे बसबारवर, व्होल्टेज मोजून काही हाती लागत नाही, कारण ते शेजारच्या मॉड्यूलने टिकवून धरलेले असते. म्हणून ते प्रत्येक मॉड्यूलला बसबारशी जोडणाऱ्या डायोडच्या अलीकडे मोजतात. डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतो, त्यामुळे शेजाऱ्याचे व्होल्टेज मागे येऊन मेलेल्या मॉड्यूलला जिवंत भासवत नाही. तेवढ्यानेही भागत नाही. थकलेले मॉड्यूल भार नसताना व्होल्टेज बरोबर दाखवते आणि भार येताच बसते. तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याचा प्रवाहही पाहावा लागतो. सर्वांत फसवा बिघाड डायोडचाच. तो आतून शॉर्ट झाला तरी वीज वाहत राहते, पण पुढे त्याचे मॉड्यूल शॉर्ट झाले तर सगळा बसबार खाली ओढला जातो. प्रवाह वाहताना सिलिकॉन डायोडवर सुमारे ०.७ व्होल्टची घट दिसायला हवी. ती शून्य असेल, तर डायोड गेला.

इशाऱ्याचा रिले सर्व ठीक असताना वीज देऊन उचललेला ठेवतात. बिघाड झाला किंवा रिलेची तारच तुटली, तरी तो पडतो आणि इशारा मिळतो.

वरचे गणित मात्र खान्देशात जरा उदार ठरते. दोन बिघाडांचा परस्परांशी संबंध नाही, असे ते धरून चालते. इथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि मॉड्यूलमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमानाच्या दर १० अंश वाढीला साधारण निम्मे होते. एकाच खोलीतली, एकाच वयाची मॉड्यूल त्यामुळे मागोमाग जाऊ शकतात. कपॅसिटर सुकू लागला की मॉड्यूलच्या डीसी विजेतला रिपल, म्हणजे व्होल्टेजचा बारीक चढउतार, वाढतो. तो वेळोवेळी मोजला, तर मॉड्यूल बंद पडण्याआधीच बदलता येते.