एक महिन्याचे आत

जिल्ह्याच्या दैनिकात आतल्या पानावर, गाळे भाड्याने देण्याच्या आणि हरवलेल्या गुणपत्रिकांच्या जाहिरातींशेजारी एक मजकूर अधूनमधून येतो. ‘सन १८२७ चे रेग्युलेशन ८ अन्वये वारस दाखला मिळणेबाबत’ अशी त्याची सुरुवात असते. मग मयताचे नाव, अर्जदाराचे नाव, मिळकतीचे वर्णन. शेवटी, कोणाची हरकत असल्यास ती ‘एक महिन्याचे आत’ कोर्टात नोंदवावी, नंतर कोणाचे काही ऐकले जाणार नाही, असा इशारा. वडील गेले त्या वर्षापासून मी ही कात्रणे एका वहीत चिकटवत आलो आहे.

मी वकील नाही. बारावीनंतर शिक्षण सुटले, पुढे हिशेबनीसाची नोकरी केली. कायदा शिकलो तो तालुका कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर, आपला पुकारा होईपर्यंत दुसऱ्यांची प्रकरणे ऐकत. त्या बाकावर बसणाऱ्या बहुतेकांची एकच समजूत असते: कोर्टाने दाखला दिला की मिळकत आपली झाली. माझीही तीच होती. ती चुकीची आहे, आणि तिची किंमत घरातल्या बायकांनी मोजली आहे, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

आधी प्रोबेटचा गैरसमज दूर करू. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा कोर्टाचा शिक्का. मृत्युपत्रच नसेल तर प्रोबेटचा प्रश्न येत नाही. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने हिंदूंच्या मृत्युपत्रांना प्रोबेटची सक्ती केली ती मुंबई, मद्रास ही शहरे आणि बंगालकडचा मुलूख यांच्यापुरती. आमच्यासारख्या तालुक्यांत ती सक्ती कधीच नव्हती. गावाकडे मृत्युपत्र करणारे मुळात थोडे. त्यामुळे आपल्या वाट्याला येतात ते तीन वेगळे कागद.

पहिला कागद तलाठ्याकडचा. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे, पण गावाच्या तोंडी तलाठीच आहे.) खातेदार वारला की महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे तीन महिन्यांत वारसांनी कळवायचे. वारस नोंदवहीत चौकशी होते, मग फेरफार धरला जातो, त्याची नोटीस चावडीवर लागते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. त्यानंतर सातबाऱ्यावर नावे चढतात.

दुसरा कागद वारस दाखला, म्हणजे जुन्या मुंबई इलाख्यातले ‘हेअरशिप’. एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना झालेले हे रेग्युलेशन जवळजवळ दोनशे वर्षांनंतरही चालू आहे. त्याचे पहिलेच कलम गमतीचे आहे. वारसाला मिळकतीची वहिवाट करायला कोर्टात येण्याची गरज नाही, असे ते सांगते. ज्याला आपला हक्क औपचारिकपणे मान्य करून हवा असेल त्यानेच यावे. मग कोर्ट जाहीरनामा काढते, महिनाभर वाट पाहते आणि दाखला देते.

तिसरा कागद उत्तराधिकार प्रमाणपत्र, १९२५ च्या कायद्यातले ‘सक्सेशन सर्टिफिकेट’. ते फक्त येणे रकमांसाठी आणि रोख्यांसाठी असते: बँकेतली ठेव, शेअर्स, कोणाकडे राहिलेली उधारी. घर आणि जमीन यांना ते लागू नाही. मयत जिथे राहत होता तिथल्या कोर्टात अर्ज करायचा. सोबत मृत्यूचा दाखला, ठेवीच्या पावत्या आणि रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी.

आता या तिघांतले साम्य पाहा. सातबाऱ्यावरची नोंद उलट सिद्ध होईपर्यंतच खरी मानायची असते. १८२७ च्या दाखल्याने दुसऱ्या कोणाचा हक्क कायमचा बुडत नाही, असे त्या रेग्युलेशनमध्येच म्हटले आहे. उत्तराधिकार प्रमाणपत्र बँकेला संरक्षण देते. ते पाहून बँकेने पैसे दिले की बँक सुटली. पण ते पैसे घेणारा इतर वारसांच्या देण्यातून सुटत नाही. नॉमिनीचेही तसेच. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सच्या बाबतीत पुन्हा स्पष्ट केले की नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. थोडक्यात, हे कागद ‘कोणाच्या हाती द्यायचे’ ते सांगतात. ‘कोणाचे आहे’ ते वारसा कायदा सांगतो, आणि वाद झाला तर दिवाणी दावा.

हे मला पुस्तकातून कळले, पण पटले ते एका फेरफाराच्या नकलेमुळे. वडिलांच्या नावची जमीन आमच्या नावावर करताना जुने फेरफार काढले. आजोबा १९७१ साली वारले. त्या नोंदीत वारस म्हणून दोनच नावे होती, वडील आणि चुलते. शेरा होता, ‘याशिवाय अन्य वारस नाहीत’. आजोबांना एक मुलगीही होती. ती माझी आत्या, आणि ती आजही आहे.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी पहिल्या वर्गाची वारस झाली होती. जमीन वडिलोपार्जित धरा की आजोबांची स्वतःची, आत्याचा हिस्सा कमी-जास्त झाला असता, शून्य नव्हे. मग नाव गळले कसे? फेरफाराची लेखी सूचना रेकॉर्डवरून ज्यांचा संबंध दिसतो त्यांना जाते, आणि ज्यांचा संबंध असावा असे तलाठ्याला वाटते त्यांनाही. आत्याचे नाव रेकॉर्डवर नव्हते, आणि तलाठ्याला आमच्या घरच्यांनी सांगितले नाही. चावडीवर नोटीस लागली ती आमच्या गावच्या. आत्या नांदत होती चाळीस किलोमीटरवर.

मी तिला विचारले. ती म्हणाली, “मला कुणी विचारलंच नाही बाळा. विचारलं असतं तर भावांसाठी सोडूनही दिलं असतं.”

सोडायचेच असेल तर त्याला हक्कसोडपत्र आहे. ते नोंदवावे लागते आणि त्यावर तिची सही लागते. कितीतरी सातबाऱ्यांवर एकाच भावाचे नाव आणि पुढे ‘ए.कु.मॅ.’ दिसते, बहिणी असल्याच तर ‘इतर हक्कात’. त्यांतल्या किती जणींनी खरोखर सही केली होती, हे त्या कागदांवरून कळत नाही.

आत्याकडून परतल्यावर मी माझाच अर्ज पुन्हा वाचला. वडिलांच्या ठेवींना नॉमिनी नव्हता, म्हणून उत्तराधिकार प्रमाणपत्राचा अर्ज टाइप करून घेतला होता. टायपिस्टने नेहमीचा मसुदा वापरला होता: ‘अर्जदार हा मयताचा एकुलता मुलगा व वारस आहे.’ एकुलता मुलगा हे खरे होते. पण आईचे नाव नव्हते, दोन बहिणींची नव्हती. आणि मी ते वाचून सही करून ठेवली होती. वाईट हेतू नव्हता, पण १९७१ सालीही तो नसावा.

कायद्याच्या कलम ३७२ प्रमाणे मयताच्या कुटुंबाची व जवळच्या नातेवाइकांची नावे, राहण्याच्या ठिकाणांसह, अर्जात द्यावीच लागतात. जाणूनबुजून खोटे लिहिले तर तो गुन्हा आहे, आणि माहिती लपवून मिळवलेले प्रमाणपत्र कलम ३८३ खाली रद्द होऊ शकते. मी अर्ज नव्याने टाइप करून घेतला. आई आणि बहिणी सामनेवाले झाल्या, बेलिफ त्यांच्या घरी नोटीस घेऊन गेला. धाकटीने घाबरून फोन केला, “दादा, तू माझ्यावर केस केलीस?” तिला समजावताना लक्षात आले की या घरात कोणत्याही बाईला कोर्टाने नावानिशी विचारण्याची ही पहिलीच वेळ होती. त्या तारखेला आल्या, ‘ना हरकत’ लिहून दिली, ठेवीचे चार समान भाग झाले.

वाचकांना तीन गोष्टी सुचवतो. अर्जावर सही करण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांची नावे मोठ्याने वाचा, लग्न होऊन गेलेल्या मुलींची आधी. मूळ खातेदारापासूनचे फेरफार काढा, नुसता आजचा सातबारा पुरत नाही. आणि गावातल्या कोणाचा जाहीरनामा पेपरात दिसला, त्या घरची मुलगी कुठे नांदते हे ठाऊक असेल, तर तिला फोन करा. तो महिना तिच्यासाठीच ठेवलेला आहे, पण तो सुरू झाल्याचे तिला कोणी सांगत नाही.

आत्याला मी १९७१ च्या फेरफाराची सही-शिक्क्याची नक्कल नेऊन दिली. चुलतभावाचे म्हणणे, जुने कशाला उकरायचे. वडिलांकडून माझ्याकडे आलेल्या जमिनीतून तिचे जे निघेल ते देईन, असे मी तिला सांगितले आहे. पुढे दावा लावायचा की हक्कसोडपत्र करायचे, हे तिने अजून ठरवलेले नाही. नक्कल तिने घडी करून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली आहे.