पाण्याचा घाव

काष्टीच्या शिवारांत उसाला पाणी चालू असतां पंपाच्या नळासमोर कोणीं सपाट तळहात धरला, तर पाणी चोहोंकडे उडतें व हात मागें रेटला जातो. तोच हात वाटीसारखा वळवून पाणी उलट फिरविलें, तर रेटा आणखी वाढतो. पोरांच्या ह्या खेळांतलें गणित घाटाखालीं खोपोलीस मोठमोठीं चाकें फिरवितें.

टाटांचें तेथील वीजगृह 1915 सालीं सुरू झालें आणि मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळूं लागली. लोणावळ्याकडील तलावांचें पाणी नळांतून सुमारें 500 मीटर खालीं उतरतें. घर्षण जमेस न धरल्यास झोताचा वेग सेकंदास सुमारें 100 मीटर भरतो. तो आदळतो पेल्टन चाकाच्या परिघावरील जोडवाट्यांवर. अमेरिकन लेस्टर पेल्टन यांनीं ह्या चाकाचें पेटंट 1880 सालीं मिळविलें.

हें चाक किती वेगानें फिरावें? फार सावकाश फिरलें, तर पाणी जोरानें परत उसळून आपली शक्ति सोबत नेईल. झोताइतक्याच वेगानें पळालें, तर पाण्याचा धक्काच बसणार नाहीं. उत्तर निम्म्या वेगाचें आहे. वाटी 50 मीटर वेगानें पुढें जात असतां पाणी तिच्यावर 50 नें येतें आणि तितक्याच वेगानें उलटतें. म्हणजे जमिनीवरून पाहणाऱ्यास तें निश्चल होऊन नुसतें खालीं पडतांना दिसेल. सगळी गति चाकाला मिळाली! (प्रत्यक्षांत पाणी पुरतें उलट वळवीत नाहींत, नाहीं तर तें मागून येणाऱ्या वाटीच्या पाठीवरच आपटावयाचें.)

ह्या हिशेबांत पाणी दाबलें जात नाहीं, असें गृहीत आहे. 100 मीटर वेगाचा अखंड झोत स्थिर भिंतीवर अडला, तर वातावरणाच्या सुमारें 50 पट दाब येतो. पण त्याच वेगाचा एकच थेंब कठीण पृष्ठावर आदळला, तर गोष्ट निराळी. पुढचें पाणी थांबलें ही वार्ता मागच्या पाण्यास ध्वनीच्या वेगानें, सेकंदास सुमारें 1500 मीटर, पोंचते. तोंवर तें पुढें घुसतच राहतें व दाबलें जातें. त्या क्षणीं दाब 1500 पटींच्या घरांत जातो. क्षण तो केवढा? सेकंदाच्या दशलक्षांशाच्या आसपास. वाफेच्या चक्रांचीं पातीं पाण्याच्या थेंबांनीं कां खडबडतात, ह्याचा उलगडा एस. एस. कुक यांनीं 1928 सालीं ह्याच विचारानें केला. चाकाचा वेग ठरवितांना पाण्याचा दबणारा स्वभाव विसरलेला चालतो; वाटीचा धातु निवडतांना चालत नाहीं.